दीड मीटरवरून

पुण्यात हेल्मेटचा विषय काढला की सभागृह तापतं, याची मला कल्पना आहे. पण आज बोलायचंय ते सायकलच्या हेल्मेटबद्दल. मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम सायकलला लागू नाही, तेव्हा पावतीची भीती सोडून बोलू या.

हेल्मेटला नाकं मुरडणारे एकटे पुणेकरच नव्हेत. १९९१ साली व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटसक्तीचा प्रयत्न झाला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीतल्या सायकलपटूंनी निदर्शनं केली आणि जागतिक सायकल संघटनेला माघार घ्यावी लागली. पुढे मार्च २००३मध्ये त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह पडला. कझाकस्तानचा हा गडी, दोन वर्षांपूर्वी टूर द फ्रान्समध्ये चौथा आलेला. मोटार नाही, ट्रक नाही. बरोबरच्या सायकलींना धडकून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला, वय २९. मे महिन्यात सक्ती आली. तीही सुरुवातीला अर्धीमुर्धी: शर्यत लांब चढावर संपणार असेल तर तिथे हेल्मेट काढायची मुभा! हट्ट असा सहजासहजी सुटत नाही.

हेल्मेट करतं काय? युरोपीय मानकाच्या चाचणीत ते सपाट ऐरणीवर सुमारे दीड मीटरवरून आपटतात. आपटताना वेग भरतो ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर काही मिलिमीटरांतच थांबतं. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा फोम चेपला जातो, डोक्याला थांबायला सेंटिमीटरभर जास्त जागा मिळते, आणि तेवढ्यानं मेंदूला बसणारा धक्का कितीतरी कमी होतो. सगळी करामत त्या चेपण्यात आहे.

ही चाचणी सायकलवरून पडण्याची आहे, ट्रकखाली जाण्याची नव्हे. तिथे रस्ताच हवा. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुलं गेली. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या काळात सायकलींसाठी वेगळ्या वाटा होत गेल्या. आज तिथे रोजचे सायकलस्वार बहुतेक बिनहेल्मेटचेच दिसतात. हा दाखला आपल्याकडे फार आवडीनं दिला जातो. देणाऱ्यांनी आधी तसा रस्ता दाखवावा. आपला सायकल मार्ग टपरीपाशी नाहीतर लावून ठेवलेल्या गाड्यांपाशी संपतो. आणि नुसतं ‘हेल्मेट घाला’ सांगून मोकळं होणाऱ्या महापालिकेलाही माझं हेच सांगणं आहे.

आता थोडं कामाचं. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, कपाळ झाकेल असं बसवा. पोरं ते मागे सारून केसांचा भांग दाखवतात; मग आपटतं ते कपाळच. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जाईल, इतकाच सैलपणा ठेवा. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. वरून साधा चरा दिसत नसला तरी आतला फोम चेपलेला असू शकतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ‘धाकट्याला होईल’ म्हणून ते माळ्यावर तर मुळीच ठेवू नका.