विजेच्या गाड्यांची चंदी

पूर्वीं घोडें बाळगणारा गृहस्थ आधीं तबेल्याची व चंदीची व्यवस्था पाही आणि मगच घोडें दारीं आणी. विजेच्या गाडीची गोष्ट याहून निराळी नाहीं. गाडी विकत घेणें हा एका दिवसाचा व्यवहार; तिची बॅटरी भरणें हें नित्याचें काम. साताऱ्यासारख्या लहान शहरांत तें कोणास सुखाचें व कोणास जाचाचें होतें, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम थोडा हिशेब. साध्या विजेच्या स्कूटरची बॅटरी सुमारें ३ युनिटांची, लहान मोटारीची सुमारें ३० युनिटांची असते. घरांतील १५-१६ अँपियरच्या प्लगांतून ताशीं ३ युनिटें मिळतात. म्हणजे रिकामी मोटार भरण्यास एक रात्र लागते. सात किलोवॅटच्या चार्जरवर तेंच काम साडेचार-पांच तासांत होतें. पन्नास-साठ किलोवॅटचा जलद चार्जर तासाभरांत ८० टक्क्यांपर्यंत मजल गांठतो. पुढें बॅटरीच्या रक्षणासाठीं वेग मंदावतो.

पुणें-बंगळूर महामार्ग साताऱ्यावरून जातो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला, आणि शहरांत ३ किलोमीटर लांब-रुंद चौकोनांत, एक तरी चार्जिंग केंद्र असावें असें म्हटलें होतें. वाटसरूस, किंवा यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणाऱ्या प्रवाशास, हें उपकारक खरें. परंतु शहरवासीयाची अडचण अंतराची नसून जागेची आहे.

ज्याचें घर व अंगण स्वतःचें, तो घरच्या जोडणीवर गाडी लावून स्वस्थ झोपतो. २०२२ च्या तत्त्वांनीं तशी स्पष्ट मोकळीक दिली आहे. पण जुन्या पेठेंतील वाड्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूची गाडी रस्त्यावर उभी असते. खिडकींतून वायर खालीं सोडावी, तर पावसाळ्यांत जिवाशीं गांठ. रिक्षावाल्यास जलद केंद्रावर जावें, तर तेथें युनिटाचा दर घरच्याहून चढा आणि धंद्याचा वेळ बुडतो. ज्याची मिळकत थोडी, त्यासच वीज महाग पडते. या व्यवस्थेंतील खरा अन्याय तो हाच.

त्यावर उपाय आहे. साठ किलोवॅटच्या एका जलद चार्जरच्या भारांत तीन-तीन किलोवॅटचे वीस प्लग चालतात. जलद चार्जर एखाददुसरा असावा. मंद प्लग मात्र पुष्कळ हवेत, आणि तेही गाड्या मुळांतच तासन्‌तास उभ्या राहतात तेथें: पेठेंतील वाहनतळावर, रिक्षाथांब्याजवळ, कचेरीच्या व कॉलेजच्या आवारांत. केंद्राच्या २०२४ च्या तत्त्वांत सकाळीं ९ ते दुपारीं ४ या उन्हाच्या वेळांत चार्जिंग केंद्रांस वीज कमी दरानें द्यावी असें सुचविलें आहे. त्याचा लाभ कचेरींत दिवसभर गाडी लावणाऱ्या भाडेकरूपर्यंत पोंचला पाहिजे.

शेवटीं देखभाल. बंद पडलेला चार्जर म्हणजे पोहरा नसलेली विहीर. तहानलेला तेथवर येऊन रित्या हातीं परततो. म्हणून केंद्र उघडतांना त्यावर रोज नजर ठेवणारा माणूस नेमावा, तक्रारीचा क्रमांक मराठींत ठळक लिहावा, आणि चार्जरपुढील जागा पेट्रोलच्या गाड्यांनीं अडवूं नये असा बंदोबस्त ठेवावा. उद्घाटनाच्या फितीपेक्षां याचा उपयोग नागरिकांस अधिक होईल.