सहकुटुंब सहल आणि रेल्वेचे तिकीट
(नांदेड येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. कुटुंबाची एक दिवसाची सहल आणि तिच्यासाठी लागणारे रेल्वेचे तिकीट, यात आपण सर्वांनी मिळून विचार करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या भागात अशी कितीतरी घरे आहेत, की जेथे परळीस किंवा बासरला जाण्याचा बेत ठरतो, खर्चाचा हिशेब होतो आणि अखेर आजीला घरी ठेवून इतर मंडळी निघतात. हा हिशेब पुष्कळदा अपुऱ्या माहितीवर केलेला असतो. तो नीट कसा करावा, एवढेच मला सांगायचे आहे.

रेल्वे आपल्याला नवी नाही. हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि २००३ पासून नांदेड हे रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. येथून परभणीमार्गे परळी वैजनाथ, धर्माबादवरून बासर आणि मुदखेडमार्गे किनवट अशा तीन दिशांना सकाळी निघून सायंकाळी परतण्याजोगी ठिकाणे आहेत. उदगीर व लातूर रोडकडील मंडळींनाही परळी रेल्वेने जवळ आहे. मात्र जाण्यायेण्याच्या गाड्यांच्या वेळा आधी पाहून घेतल्या पाहिजेत.

प्रथम, जी सवलत आता नाही तिच्याविषयी. पूर्वी साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळत असे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. आजही कित्येक वृद्ध तिच्या भरवशावर तिकीट खिडकीशी येतात आणि ओशाळून मागे फिरतात. दुसरे, जाहिरातीतली प्रत्येक सूट आपल्या उपयोगाची असतेच असे नाही. २०२५ च्या सणासुदीत परतीच्या भाड्यावर २० टक्के सूट जाहीर झाली होती. परंतु तिच्यासाठी ऑक्टोबरात जाऊन नोव्हेंबरच्या उत्तरार्धात परतावे लागत होते. एका दिवसाच्या सहलीस तिचा काय उपयोग?

मग राहिले काय? राहिले ते साधे, अनारक्षित द्वितीय वर्गाचे तिकीट, आणि खरी सवलत त्यातच आहे. सेवेवर शंभर रुपये खर्च होत असता प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात, असे रेल्वे मंत्रालयाने २०२४ मध्ये सांगितले होते. साधारण गाड्यांचे किमान भाडे मध्यंतरी ३० रुपये झाले होते. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आले. १ जुलै २०२५ च्या भाडेवाढीतूनही साधारण द्वितीय वर्गाचा ५०० किलोमीटरपर्यंतचा प्रवास वगळण्यात आला.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. घरात आईवडील, सदुसष्ट वर्षांचे आजोबा, पासष्ट वर्षांची आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे असे धरा. रेल्वेत चार पूर्ण तिकिटे, मुलीचे अर्धे, आणि पाच वर्षांखालील मुलास काही नाही. म्हणजे साडेचार तिकिटे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे. तेव्हा वडिलांचे एक पूर्ण आणि चौघांची अर्धी, म्हणजे तीन तिकिटे. संख्येवर गेलो तर एसटी स्वस्त भासते. परंतु रेल्वेचे पूर्ण तिकीट एसटीच्या पूर्ण तिकिटाच्या दोन-तृतीयांशाहून कमी असेल, तर या कुटुंबास रेल्वेच स्वस्त पडते. नांदेड ते परळी हे लोहमार्गाचे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतराला साध्या द्वितीय वर्गाचे भाडे एसटीच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे सवलत गेली तरी आजीला घरी ठेवण्याचे कारण उरत नाही.

एसटी निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. गावातून स्थानकापर्यंत, किंवा किनवटला उतरून पुढे माहूरला जाताना तिचाच आधार आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिच्यात भाडेच नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हे बासरला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

काही पथ्येही सांगतो. दोनशे किलोमीटरच्या आतले अनारक्षित तिकीट त्याच दिवशी काढावे लागते आणि तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. आरक्षण करून मुलासाठी स्वतंत्र जागा घेतली, तर २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. आणि मुलाचे वय चोरून अर्धे तिकीट काढू नये. पाचपन्नास रुपये वाचतील. परंतु वडील आपल्यासमोर खोटे बोलले, हे मूल विसरणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी द्वितीय वर्गात ७५ टक्के सवलत आहे. तिचा लाभ मुख्याध्यापकांनी अर्ज केल्यावाचून मिळत नाही. तसेच सोबत्यावाचून प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तींना आणि पूर्णतः अंध व्यक्तींना, त्यांच्या एका सोबत्यासह, द्वितीय वर्गात ७५ टक्के सूट आहे. परंतु विहित नमुन्यातील प्रमाणपत्र हाती नसल्याने अशी माणसे उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. ते मिळवून देणे हे पंचायत सदस्यास अवघड नाही.

ग्रामपंचायतीच्या फलकावर करवसुलीच्या सूचनांशेजारी या सवलतींची एक यादी लावा, आणि जी सवलत बंद झाली तिचाही उल्लेख करा. गावातली एखादी आजी नातवंडांसह परळीच्या गाडीत खिडकीशी बसलेली दिसली, तर त्या फलकाचे चीज झाले असे समजावे.