स्पर्धा किमतीची नव्हे, खर्चाची

(औद्योगिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ज्या बाजारात एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता येत नाही, तेथे उत्पादक किंमत ठरवीत नाही. ती त्याला स्वीकारावी लागते. त्याच्या हाती उरतो तो केवळ खर्च. हा खर्च इतरांच्या पुढे गेला, की मंदीच्या पहिल्याच फटक्यात कारखाना संकटात येतो. मागे पडलेला उत्पादक पुन्हा स्पर्धेत कसा उभा राहू शकतो, हे मी सिमेंट उद्योगाच्या आधारे मांडणार आहे.

आपल्याकडे सिमेंटची किंमत व वितरण यांवर दीर्घकाळ सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. टंचाईच्या काळात जो माल आपोआप खपत होता, त्याला आता ग्राहक शोधावा लागला आणि जुन्या कारखान्यांचे खरे दुखणे उघड झाले.

यांपैकी बहुतेक कारखाने ओल्या प्रक्रियेचे होते. या प्रक्रियेत कच्चा माल पाण्यासह दळून त्याचा लगदा भट्टीत सोडतात. लगद्यात सुमारे एकतृतीयांश पाणी असते आणि त्याची वाफ करण्यासाठीच पुष्कळ कोळसा जळतो. एक किलो क्लिंकर तयार करण्यास तेथे १,३०० किलोकॅलरी वा त्याहून अधिक उष्णता लागे. प्रीहीटर व प्रीकॅल्सिनर असलेल्या कोरड्या प्रक्रियेत हेच काम ७०० ते ७५० किलोकॅलरींत होते. एवढी तफावत मजुरीत काटकसर करून भरून निघणे अशक्य होते. ज्यांनी प्रक्रिया बदलली ते टिकले. ज्यांना ते जमले नाही, त्यांपैकी अनेकांच्या भट्ट्या विझल्या.

खर्च कमी करण्याचा दुसरा मार्ग क्लिंकरचे प्रमाण घटविण्याचा. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मिसळता येते. ही राख भट्टीत भाजावी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक टनामागे इंधन आणि चुनखडी दोन्ही वाचतात. भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज निर्माण करणे, हा तिसरा मार्ग होय.

चौथा मुद्दा वाहतुकीचा. सिमेंट वजनाने जड आणि मोलाने हलके असते. म्हणून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा खर्च न पाहता ग्राहकाच्या दारात पोहोचलेल्या टनाचा खर्च पाहिला पाहिजे. क्लिंकर चुनखडीच्या खाणीजवळ तयार करावे आणि दळण औष्णिक वीज केंद्र वा बाजारपेठेजवळ करावे, ही रचना याच हिशेबातून आली. गुजरातच्या किनाऱ्यावरून मुंबईकडे सुटे सिमेंट जहाजाने आणण्याचा प्रयोगही याच विचाराचे फलित होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अडचणीतील व्यवस्थापन प्रथम कामगार कमी करते आणि देखभाल पुढे ढकलते. ताळेबंदात ही बचत लगेच दिसते. पण भट्टीतील विटांचे अस्तर अकाली ढासळले, तर भट्टी बंद करून थंड करावी लागते, दुरुस्तीनंतर पुन्हा तापवावी लागते. त्यात इंधनही जाते आणि उत्पादनाचे दिवसही. अनुभवी कामगाराला अशा बिघाडाची चाहूल आधी लागते. त्यालाच घरी पाठविणे ही काटकसर नव्हे.

शिवाय खर्चातील कोणतीही आघाडी कायमची नसते. प्रतिस्पर्धी तेच तंत्र आणतात आणि फायदा कालांतराने ग्राहकाकडे जातो. एके काळी फुकट मिळणाऱ्या राखेलाही आज किंमत मोजावी लागते. म्हणून खर्चनियंत्रण ही संकटकाळातील मोहीम नसून नित्याची शिस्त असावी लागते.

प्रक्रिया बदलण्यास भांडवल लागते आणि मंदीत ते मिळत नाही. त्यामुळे खर्च कमी करण्याची खरी वेळ भाव चढे असतानाच असते, नेमकी तेव्हाच जेव्हा त्याची निकड कोणालाच भासत नाही. तेजीचा नफा पूर्णपणे वाटून टाकणारा कारखाना पुढच्या मंदीची किंमत मोजतो. आणि ती भागधारकांइतकीच, किंबहुना अधिक, त्या कारखान्यावर उभे असलेले गाव मोजते. उद्या निर्णय तुमच्या हाती येतील, तेव्हा एवढे स्मरणात ठेवावे, ही विनंती.