यमाच्या दारातील तीन रात्री



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला कामगारांच्या प्रश्नावर बोला म्हणून सांगितले होते. मी त्यांच्याकडून कठोपनिषद मागून घेतले. माझी शाळा नववीत सुटली, संस्कृत मला येत नाही. नगर वाचनालयातली मराठी भाषांतरे चार-पाच वेळा वाचून जे हाती लागले तेवढेच मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. सभेत जाणकार मंडळी बसली आहेत. त्यांनी माझा कान धरावा, मी राग मानणार नाही.

हे उपनिषद कृष्ण यजुर्वेदाच्या कठ शाखेचे. दोन अध्याय, प्रत्येकी तीन वल्ली. तिसऱ्या वल्लीच्या अखेरीस हे कोणापुढे म्हणावे तेही सांगितले आहे : ब्राह्मणांच्या सभेत, किंवा श्राद्धाच्या वेळी. माझ्या बापजाद्यांना ते ऐकण्याचा अधिकार कोणी दिला नसता. इ. स. १६५७ मध्ये दारा शुकोहने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध केले, त्यावरून पुढे लॅटिन झाले आणि युरोपातले लोक ते वाचू लागले. घरातल्या माणसांच्या आधी ते परदेशी पोचले, ही गोष्ट मला नेहमी बोचते. असो.

कथा आपल्याला ठाऊक आहे. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला, आणि दान काय दिले? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध काढून झाले, अशा भाकड गाई. पोरगा नचिकेता ते पाहत होता. मोडीत निघालेली वस्तू द्यायची आणि पुण्य मात्र पुरे घ्यायचे, हा हिशेब त्याला पटेना. बापाला तो तोंडावर खोटे म्हणत नाही. फक्त विचारतो की मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिले. रागात निघालेला शब्द. पण पोर तो खरा करायला निघते.

यम घरी नव्हता. नचिकेता तीन रात्री उपाशी बसून राहिला. अहो, आम्ही कारखान्यांच्या गेटवर बसलेली माणसे. साहेब बाहेरगावी आहेत, हे उत्तर आम्ही किती वेळा ऐकले आहे! फरक एवढाच की हा साहेब परत आल्यावर वरमला. पाहुणा उपाशी राहिला म्हणून त्याने रात्रीमागे एक असे तीन वर देऊ केले. असा मालक मला अजून भेटायचा आहे.

पहिला वर पोराने बापासाठी मागितला : त्याचा राग शांत व्हावा आणि मी परत गेल्यावर त्याने मला ओळखावे. दुसऱ्यात स्वर्गाला नेणारा अग्नी; त्या वेदीला विटा किती आणि त्या कशा रचायच्या हेही यमाने शिकवले. तिसऱ्या वराला गाडी अडली. मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, याबद्दल लोकांत दोन मते आहेत, खरे काय ते तू सांग, असे नचिकेता म्हणाला.

इथे यम काय करतो पाहा. म्हणतो, देवांनाही याचा उलगडा झाला नाही, दुसरे काही माग. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, जमीन घे, हवे तितके आयुष्य घे. पण हे विचारू नकोस. प्रत्यक्ष मृत्यू आपल्या प्रश्नाला घाबरून तडजोड करू पाहतो!

तडजोड हा माझा धंदा आहे, म्हणून या जागी मी थांबतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका फौंड्रीत बावीस वर्षांचा हेल्पर गेला. साचा ओला राहिला होता. लॅडलमधला रस पडताच उडाला. त्या वेळी १९२३ चा भरपाईचा कायदा लागू होता. मासिक पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. सोळा वर्षांच्या पोराला २२८.५४, पासष्टीच्या पुढे ९९.३७. माणूस गेला की कायद्याला एवढेच विचारता येते. आणि ती रक्कम कमिशनरकडे भरावी लागे. वारसाच्या हाती परस्पर टेकवलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नसे. हे मला तोंडपाठ होते.

तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पाकीट घेऊन आला. रक्कम कायद्याच्या हिशेबापेक्षा कमी. वर धाकट्या मुलाला कामावर घेण्याचा शब्द. मी त्या आईला म्हणालो, ताई, सही करा. दावा वर्षानुवर्षे चालेल, घरात आज चूल पेटत नाही, असे माझे म्हणणे होते, आणि ते खोटेही नव्हते. पण त्या महिन्यात मला दुसरा संप नको होता, हेही तितकेच खरे होते. ते मी तिला सांगितले नाही. पुढेही दावा लावता आला असता, लावला नाही.

सही करून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, एक इचारू? त्यो आता कुटं तरी असंल का ओ? का सपलंच?”

माझ्याजवळ गुणाकाराचा कागद होता. उत्तर नव्हते. कठोपनिषद मी त्यानंतर हाती घेतले. ते आधी वाचले असते तर मी वेगळा वागलो असतो, असे म्हणण्याची माझी छाती नाही.

नचिकेता सारे परत करतो. हे उद्यापर्यंतचे आहे, इंद्रियांचे तेज झिजवणारे आहे, तुझे हत्ती तुझ्यापाशीच राहू देत, म्हणतो. तेव्हा यम प्रसन्न होऊन श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगतो : एक हिताचे, एक आवडीचे, आणि दोन्ही माणसापुढे एकदमच येऊन उभी राहतात. मला वाटते यातले खरे शहाणपण त्या ‘एकदमच’मध्ये आहे. पाकीट आले तेव्हा मला दोन्हींचे तोंड सारखेच दिसले होते.

पुढे रथाची उपमा येते. आत्मा रथात बसलेला धनी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. आमच्या अभ्यासवर्गात एकाने विचारले, घोड्यांना चारा कोण घालतो? हसण्यावारी नेऊ नका. पाचव्या वल्लीत, मेल्यावर जीव कर्माप्रमाणे आणि ज्ञानाप्रमाणे नवी योनी घेतो असे म्हटले आहे. हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला उलटी सांगण्यात आली, की तुमचे दारिद्र्य ही मागल्या जन्मीची बाकी. या जागी माझे उपनिषदाशी जमत नाही.

आणि मुख्य प्रश्नाला यम सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, शरीर मारले तरी तो मारला जात नाही, असे तो म्हणतो. गीतेने हा विचार जवळजवळ त्याच शब्दांत घेतला आहे. म्हणजे मेलेल्याचे काय, हा प्रश्न बाजूला सरतो, आणि विचारणारा तू कोण आहेस, हा पुढे येतो. पंडितांना हे उत्तर पुरते. मला रात्री कधी पुरते, कधी पुरत नाही.

दोन वर्षांनी मी ही गोष्ट त्या ताईंना त्यांच्या उंबऱ्यावर बसून सांगितली. सहीच्या वेळी जे लपवले होते, तेही त्याच दिवशी सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गोष्ट मात्र नीट ऐकली. यमाने हत्ती-घोडे देऊ केले तिथे विचारले, “पोरानं घेतलं?” मी म्हणालो, नाही. आत्मा, रथ, उलट्या मुळांचा अश्वत्थ, सारे त्यांनी मान हलवत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “त्ये ऱ्हाऊ द्या. पोरगं घरला पोचलं का?”

मी घरी येऊन पुस्तक पुन्हा चाळले. शेवटी लिहिले आहे की नचिकेता ब्रह्माला पोचला, मृत्यूतून सुटला. बापाच्या दारात पोचल्याचे वर्णन नाही. पहिल्या वरात यमाने दिलेला शब्द आहे, तेवढाच.