मिलमधले हात

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळातली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कालांतराने बंद पडली. सूतकताईतलं काम म्हणजे फिरत्या चातीवर तुटलेला धागा चिमटीत धरून क्षणात जोडायचा, पाळीभर उभ्यानं. या कामानं माणसाला धीर शिकवला, शेजाऱ्याला सांभाळून घेणं शिकवलं.

असा निवृत्त कामगार सार्वजनिक कामात सोन्यासारखा! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी रांग लावणारी, म्हाताऱ्यांची घागर आधी भरून देणारी माणसंच लागतात. तुमच्या गल्लीत मिलमधले काका असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.