‘घरी काय सांगू?’

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील संधी’. त्यांच्या परवानगीनं मी तो बदलला आहे. त्याचं कारण तुमचे फोन. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघांनी मला जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. एकाचा मुलगा कोट्याहून दोन वर्षांनी परत आलाय. एकीची मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होती, ती सदाशिव पेठेतली खोली सोडून घरी आलीय. एकाच्या मुलाची नोकरी गेलीय. तिघांचा प्रश्नही एकच होता, ‘आता त्याच्याशी वागायचं कसं?’ आपण तीस वर्षांनी भेटतोय, आपली मुलं वीस-बावीस वर्षांची झाली आहेत. तेव्हा संधींबद्दल मुलं गुगलला विचारतील, आपण या प्रश्नावर बोलू.

२०२३ मध्ये आमच्या क्षेत्रात जगभर मोठी नोकरकपात झाली. मी जिथे काम करत होते तिथेही झाली. माझ्या टीममधल्या काहींना ती बातमी सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, मुलं नोटीस पिरियडबद्दल विचारतील, पगाराबद्दल विचारतील. लातूरकडचा एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, घरी काय सांगू?” मग थोड्या वेळानं म्हणाला, “नोकरी लागली तेव्हा गावच्या चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. तो अजून उतरवलेला नाही.”

पगाराची चिंता त्यालाही होतीच. पण पहिली भीती त्या फ्लेक्सखालून चालत घरी जाण्याची होती. मला ती भीती ओळखीची वाटली, कारण माझ्या वेळी फ्लेक्स नव्हते, पण पेढे होते.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझी आई माझ्याआधी माहीत होती. ‘आरडीच्या काकू’. मी आठवीत असताना बाबा गेले आणि आईनं पोस्टाच्या अल्पबचतीची एजन्सी घेतली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना हे तिचं पूर्ण नाव. महिन्याच्या सुरुवातीला घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे, कार्डावर नोंद करायची, याद्या लिहायच्या, पोस्टात भरायचे. शंभर रुपयांमागे चार रुपये कमिशन. त्या चार-चार रुपयांवर मी पुण्यात इंजिनिअरिंगला गेले.

शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजमध्येच माझी निवड झाली. हातात पत्र आलं. आईनं ज्या ज्या घरी हप्ता घेते त्या प्रत्येक घरी पेढा दिला. पण तोवर हवा बदलत चालली होती. मार्च २००० मध्ये अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक पाच हजारांच्या वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये तो अकराशेच्या आसपास आला. मधल्या काळात आमच्यासारख्या हजारो मुलांच्या हातात नुसती पत्रं राहिली. माझी रुजू होण्याची तारीख जुलै २००१ ची होती, ती ऑक्टोबरवर गेली. मग अमेरिकेतला तो सप्टेंबर आला. तारीख जानेवारीवर गेली आणि जानेवारीत शेवटचं पत्र आलं की सध्याच्या परिस्थितीत भरती थांबवली आहे. मी कॉट बेसिसवरची जागा सोडली, ट्रंक घेतली आणि एसटीनं वाईला आले. सुरूर फाट्यापासून पुढे मला एकच वाटत होतं, गाडी स्टँडवर अंधार पडल्यावर पोचावी.

त्यानंतरचे नऊ महिने मी घरी होते. त्या काळात आईनं जे केलं ते तुम्हाला सांगायचं आहे. ती सातवी शिकलेली आहे, तिनं मानसशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही.

पहिली गोष्ट. मी आले त्याच आठवड्यात महिन्याची वसुली होती. आई म्हणाली, “चल माझ्याबरोबर, पिशवी धर.” मला अजिबात जायचं नव्हतं. जिथे जिथे पेढे गेले होते त्याच दारांत मला उभं करणार होती ती. पण ती हट्टानं घेऊन गेली. प्रत्येक घरी तोच प्रश्न, “अगं, ही इकडे कशी?” आणि प्रत्येक घरी आईचं तेच उत्तर, त्याच आवाजात, “कंपनीनं भरती थांबवलीय. दुसरी बघतेय. तोवर माझ्या मदतीला आहे.” ना एक शब्द कमी, ना एक जास्त. मग लगेच, “कार्ड आणता ना?” गणपती आळीपासून रविवार पेठेपर्यंत चार दिवसांत साठ-सत्तर घरं झाली. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा फार तर पाच जणांनी विचारलं. तिसऱ्या महिन्यात कुणीच नाही. गावाला सांगायचं वाक्य तिनं तयार केलं आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. माझ्यावर ती वेळ येऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट. ती रोज विचारत नसे. आमच्याकडे नोकरीचा विषय आठवड्यातून एकदा निघायचा. रविवारी संध्याकाळी ती हिशोबाची वही घेऊन बसायची तेव्हा. किती ठिकाणी अर्ज गेले, कुठून काय आलं, पुण्याला जायला पैसे किती लागतील, एवढंच. अर्ध्या तासात वही बंद. बाकीचे सहा दिवस त्यावर अक्षर नाही. मी मात्र रविवारची तयारी शुक्रवारपासून करायची, कारण रिकामी पाटी दाखवायला लाज वाटायची. प्रश्न रोज आला असता तर मी तो चुकवायला शिकले असते.

तिसरी गोष्ट, काम. तिनं मला खोलीत आराम करायला बसवलं नाही, ‘बिच्चारी’ही म्हटलं नाही. पोस्टाच्या याद्या माझ्याकडे दिल्या. तिच्या याद्यांत बेरजा चुकल्या की काउंटरवरून परत यायच्या. मी एका कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर बसून याद्या काढायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढे एकाही मुलाखतीत त्याचं कुणी कौतुक केलं नाही, हेही सांगून टाकते. पण बेरजा चुकणं थांबलं आणि सकाळी उठायला कारण मिळालं.

चौथी गोष्ट इथल्या मुलींच्या आईवडिलांसाठी. मी आले तशी स्थळंही आली. नातेवाईक म्हणाले, “आता कशाला थांबता? उरकून टाका.” आई म्हणाली, “लग्न तिच्या मनात येईल तेव्हा करू. नोकरीच्या जागी लग्न बसत नाही.” मुलगा परत आला तर त्याला दुसरी नोकरी शोधून देतात, मुलगी परत आली तर तिला नवरा शोधून देतात. हे आजही बऱ्याच घरांत चालतं.

हे सगळं तिला कुठून सुचलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, तिच्या धंद्यातून. आरडी म्हणजे पाच वर्षं, साठ हप्ते. एखादा हप्ता चुकला तर थोडा दंड भरून खातं पुढे चालतं. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, पण त्यानंतरही दोन महिन्यांत थकबाकी भरली तर ते पुन्हा सुरू करता येतं. त्यामुळे हप्ता चुकलेली घरं तिला नवीन नव्हती. अशा घरी गेली की ती दारात उभी राहून पैशाचं विचारायची नाही. आत जायची, पाणी मागायची, लोणच्याची चौकशी करायची आणि उठताना हळूच म्हणायची, “पुढच्या सोमवारी येऊ का?” ज्याच्याकडे आज नाही, त्याला चारचौघांत ‘नाही’ म्हणायला लावायचं नाही, आणि सोमवार मात्र सोडायचा नाही. माझ्याशीही ती तशीच वागली. नऊ महिन्यांत एकदाच मी तिच्यापुढे रडले, तेव्हा म्हणाली, “हप्ता चुकलाय. खातं आपलंच आहे.”

ऑक्टोबर २००२ मध्ये पेपरातली जाहिरात बघून केलेल्या अर्जावर मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पत्रात लिहिलेल्या पगाराच्या निम्म्याहून कमी पगारावर. त्या वेळी आईनं पेढे वाटले नाहीत. म्हणाली, “पहिले सहा महिने जाऊ देत.”

आमच्या वर्गातली एक मैत्रीण मात्र घरी गेलीच नाही. तिचंही पत्र असंच रद्द झालं होतं. घरच्यांना वाटायचं, ती रुजू झालीय. ती सात-आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन खोलीतून बाहेर पडायची, लायब्ररीत बसायची आणि संध्याकाळी परत यायची. हुशारीनं ती माझ्यापेक्षा सरस होती. पुढे तिचं सगळं नीट झालं, पण त्या महिन्यांबद्दल ती आजही बोलत नाही. दोघींची अडचण सारखीच होती. घरी काय ऐकावं लागेल, याचा तिचा अंदाज वेगळा होता आणि तो तिनं लहानपणापासून ऐकलेल्या वाक्यांवरून बांधला होता.

म्हणून मला आज तुम्हाला मागायचं आहे ते एवढंच. मूल परत येण्याची वाट बघू नका. ते बाहेर आहे, सगळं छान चाललं आहे, तेव्हाच एकदा सांगून ठेवा की काहीही झालं तरी पहिला फोन घरी कर आणि लोकांना काय सांगायचं ते आम्ही बघू. आणि शेजारच्याचं मूल परत आलं तर जिन्यात गाठून ‘मग आता पुढे काय?’ विचारू नका. हा प्रश्न त्याला झोपेतही ऐकू येत असतो. जर मूल जेवत नसेल, झोपत नसेल, दार लावून बसत असेल, तर वेळ घालवू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन मुलानंच करायला हवा असं नाही, आईवडिलांनीही करावा.

तो लातूरचा मुलगा, त्याच्याबद्दल सांगायचं राहिलं. आम्ही दोघांनी बसून घरी सांगायचं वाक्य तयार केलं. माझ्या आईचंच, थोडं बदलून. वडिलांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणत्या गाडीनं येतोयस?” महिन्यानं त्याचा फोन आला. नोकरी अजून लागलेली नव्हती, वडिलांबरोबर सोयाबीनच्या खळ्यावर होता. फ्लेक्सचं काय झालं, मी विचारलं. हसून म्हणाला, “पावसात फाटला, मॅडम. कुणाच्या लक्षातही आलं नाही.”

माझी आई आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची एजन्सी आता बंद आहे. पण ज्यांचे जुने हप्ते राहिलेत त्यांनी चहाच्या वेळी तिला चुकवून जाऊ नये, ती सगळ्यांना ओळखते.