आगोटीचा साठा: ओल नको, विष तर नकोच

आम्ही तळोज्याच्या बचत गटातल्या बायका. आज बोलणार आहोत घरात भरून ठेवलेल्या सामानाविषयी.

आपल्याकडे पाऊस पडायच्या आधी आगोटीचं सामान भरायची रीत आहे. तांदूळ, वाल, मसाला, मीठ, सुकट, बोंबील. पूर्वी घरचं भात शेणाने सारवलेल्या कणगीत असायचं. आता पुष्कळ घरांतली शेती गेली, कणगी गेली, स्वयंपाकघरं लहान झाली. ओल मात्र तेवढीच आहे. साठा नासतो तो या ओलीनेच.

म्हणून डबे, गोणी थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. खाली फळी घाला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. लाद्यांमधून आणि भिंतीतून चढणारी ओल मग धान्याला लागत नाही.

आता पोरकिडे. याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते. वरून दाणा चांगला दिसतो आणि महिन्याभरात आतून किडा बाहेर येतो. म्हणून नवा तांदूळ जुन्यावर ओतू नका. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांच्या घरात २० किलो. त्यासाठी दोन डबे करा. एक पूर्ण संपला की धुवा, कडकडीत वाळवा, मगच भरा. जुनं आधी खायचं, नवं नंतर. डब्यावर महिना लिहून ठेवला तर सुनेला, लेकीला, कोणालाही कळतं.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून घाला. ओला पाला घातला तर आपणच ओल आत नेतो. मीठ चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा. सुकी मासळी झाकण घट्ट बसेल अशा डब्यात, धान्यापासून लांब ठेवा. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून वापरू नका. ते विष धुतल्याने किंवा शिजवल्याने जात नाही, लिव्हरला बाधतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कुणी आणून दिल्या तर घरात घेऊ नका. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन नावाचा जीवघेणा वायू सुटतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओलीला काय तोटा? त्या घरात वापरायला परवानगीच नाही. या विषावर उतारा नाही. त्याचा वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येतो. घरात सुकट असेल तर तो वेगळा ओळखूही येणार नाही. बंद खोलीत झोपलेली लेकरं यात दगावतात. अशा गोळ्या घरात असतील आणि कुणाला मळमळ, चक्कर, धाप लागली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

चार किलो तांदूळ किडला तर चाळता येतो, कोंबड्यांना घालता येतो. गेलेलं माणूस परत आणता येत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीआधी एवढं करा. साठ्याची जागा रिकामी करून बघा, फळी घाला, जुनं पुढे घ्या. आणि शेजारणीला गोळ्यांचं जरूर सांगा. ती रेडिओ ऐकत नसेल तर तिच्या ओट्यावर जाऊन सांगा.